विज्ञानाचा पैसा आणि आपला हिशेब

विज्ञानाला जनतेने पाठिंबा द्यावा, असे आवाहन या देशात अधूनमधून होत असते. ९ ऑगस्ट २०१७ रोजी देशातील अनेक शहरांत शास्त्रज्ञ व विद्यार्थी रस्त्यावर उतरले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या किमान ३ टक्के रक्कम विज्ञान-तंत्रज्ञानावर आणि १० टक्के शिक्षणावर खर्च करावी, ही त्यांची मागणी होती. मागणी रास्त होती, आणि आजही आहे. परंतु पाठिंबा मागणाऱ्याला पाठिंबा देणाऱ्याने हिशेब विचारावा, हा लोकशाहीतला साधा व्यवहार आहे. दलित चळवळीने भूमीचा, नोकऱ्यांचा, शिष्यवृत्त्यांचा हिशेब विचारला. प्रयोगशाळेचा हिशेब मात्र आपण फारसा विचारला नाही. तो शास्त्रज्ञांचा प्रांत आहे, असे आपण गृहीत धरले. हे गृहीतच मुळात तपासले पाहिजे.

प्रयोगशाळेत जाणारा पैसा कोणाचा? शेतमजूर बाई साबणाची वडी घेते, काडेपेटी घेते, पोराला चपलांचा जोड घेते, तेव्हा प्रत्येक वेळी ती कर भरते. प्राप्तिकराच्या यादीत तिचे नाव नाही म्हणून ती करदाती नाही असे मानणे, हा प्रस्थापितांचा सोयीस्कर समज आहे. देशाच्या तिजोरीत तिचा वाटा आहे. म्हणून त्या तिजोरीतून संशोधनावर होणाऱ्या खर्चाबद्दल प्रश्न विचारण्याचा अधिकारही तिचा आहे.

आता आकडे पाहू. केंद्र सरकारच्या अधिकृत आकडेवारीनुसार २०२०-२१ या वर्षी भारतात संशोधन व विकास यांवर एकूण सुमारे १,२७,३८१ कोटी रुपये खर्च झाले. रक्कम मोठी दिसते, पण ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघी ०.६४ टक्के होती. त्या सुमारास चीन २.४ टक्क्यांच्या आसपास, तर दक्षिण कोरिया ४.८ टक्क्यांच्या आसपास खर्च करीत होता. आपल्या सरकारने २ टक्क्यांचे उद्दिष्ट कागदावर अनेकदा मांडले, २०१३ च्या विज्ञान धोरणातही मांडले. ते कागदावरच राहिले.

पण एकूण रकमेवर थांबणे म्हणजे गावाला किती पाणी आले एवढेच विचारणे आणि ते कोणत्या वस्तीत गेले हे न विचारणे होय. याच वर्षी एकूण खर्चात केंद्र सरकारचा वाटा ४३.७ टक्के, खाजगी उद्योगांचा ३६.४ टक्के, उच्च शिक्षणसंस्थांचा ८.८ टक्के आणि राज्य सरकारांचा ६.७ टक्के होता. केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक यंत्रणांच्या खर्चातील तीस टक्क्यांहून थोडा अधिक भाग एकट्या संरक्षण संशोधनाकडे गेला. त्याखालोखाल अवकाश, शेती आणि अणुऊर्जा यांचा क्रम लागतो. आपली बहुसंख्य मुले शिकतात ती राज्य विद्यापीठांत आणि त्यांना जोडलेल्या महाविद्यालयांत. तिथल्या प्रयोगशाळेत रसायनांच्या बाटल्या रिकाम्या असतात याचे एक कारण या टक्केवारीतच दडलेले आहे.

दुसरा प्रश्न: जाहीर झालेला पैसा खर्च होतो काय? अर्थसंकल्पात प्रत्येक बाबीपुढे तीन प्रकारचे आकडे असतात. वर्षाच्या आरंभी जो जाहीर होतो तो अर्थसंकल्पी अंदाज. वर्ष सरत आले की जो बदलला जातो तो सुधारित अंदाज. आणि पुढे कळतो तो प्रत्यक्ष खर्च. वृत्तपत्रांचे मथळे पहिल्या आकड्यावर बेतलेले असतात, सत्य मात्र पुढच्या दोहोंत असते. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात २,००० कोटी रुपये दाखवले गेले. सुधारित अंदाजात ती रक्कम अडीचशे कोटींच्या आसपास आली. याच प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ साली झाला तेव्हा पाच वर्षांत ५०,००० कोटी, अशी घोषणा होती. त्यातले सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग व देणग्यांतून यायचे होते. मथळा सरकारचा आणि पैसा दुसऱ्याचा, हा प्रकार ओळखायला आपण शिकले पाहिजे.

तिसरा प्रश्न आपल्या अगदी जवळचा आहे. १९७९-८० पासून अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना सुरू झाली. लोकसंख्येच्या प्रमाणात विकासाचा निधी आपल्यापर्यंत यावा, हे तिचे तत्त्व. यासाठी हिशेबाच्या वहीत एक स्वतंत्र गौण शीर्ष आहे: ७८९. केंद्राच्या अर्थसंकल्पात विवरणपत्र क्रमांक १०-ए मध्ये अनुसूचित जातींच्या कल्याणासाठी कोणत्या खात्याने किती रक्कम ठेवली ते छापलेले असते. हे विवरणपत्र उघडले की अनेक वाचकांना आश्चर्य वाटेल, कारण तिथे समाजकल्याण खात्याबरोबर विज्ञान व तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान यांसारखी खातीही आढळतात. म्हणजे विज्ञानाच्या पैशातला एक हिस्सा आपल्या नावाने नोंदला जातो.

तो आपल्यापर्यंत पोहोचतो कसा? येथे खरी मेख आहे. ज्या योजनेचा लाभार्थी मोजता येतो, जसे शिष्यवृत्ती, वसतिगृह, प्रशिक्षण, तिथे हिशेब लागतो. परंतु एखाद्या सर्वसाधारण योजनेचा ठरावीक टक्का ७८९ खाली लिहून टाकला, तर तो पैसा कागदावर आपला आणि व्यवहारात सर्वांचा होतो. दलित मानवी हक्कांची राष्ट्रीय मोहीम ही संघटना अर्थसंकल्पाचे विश्लेषण करते. सर्वसाधारण स्वरूपाच्या योजना दलितांच्या नावावर दाखवल्या जातात, हा आक्षेप तिने वारंवार नोंदवला आहे. आपल्या नावाने उचललेल्या पैशातून एखादे यंत्र आले असेल, तर ते कोणत्या वस्तीत चालते एवढे तरी आपण विचारायला हवे.

चौथा प्रश्न माणसांचा. पैसा ज्या हातांतून जातो ते हात कोणाचे? २३ जून १९७५ च्या केंद्रीय आदेशाने संशोधन करण्यासाठी वा त्याला दिशा देण्यासाठी असलेली, पहिल्या वर्गाच्या सर्वांत खालच्या श्रेणीवरील वैज्ञानिक पदे आरक्षणातून वगळण्याची मुभा दिली. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील अध्यापकांच्या आरक्षणाचा २०१९ चा कायदा आला, त्याच्या परिशिष्टातही काही संस्था वगळल्या गेल्या. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा त्यांत आहेत. ‘उत्कृष्टता’ हे कारण. उत्कृष्टतेला आपल्या स्पर्शाने विटाळ होतो, हा जुनाच सिद्धांत नव्या भाषेत आला आहे, असे म्हटले तर ते चूक ठरेल काय?

आणि ज्यांना दार उघडले जाते त्यांची अवस्था? जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने आपले जीवन संपवले. त्याच्या अखेरच्या पत्रात सात महिन्यांची फेलोशिप, पावणेदोन लाख रुपये, येणे असल्याचा उल्लेख होता. अर्थसंकल्पातील एक ओळ वेळेवर न पोहोचणे म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार? ज्याच्या घरी शेती नाही, दुकान नाही, त्याच्यासाठी फेलोशिप म्हणजे भाडे, खानावळ आणि गावी पाठवायचे पैसे असतात. ती थांबली की संशोधन थांबते.

बाबासाहेबांनी हे सोसले होते. १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियात गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. आणि याच माणसाने ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. तो १९२५ साली प्रसिद्ध झाला. सरकारचे जमाखर्च वाचणे ही आपल्याला परकी विद्या नाही. ती आपल्या वारशातली आहे.

शेवटचा प्रश्न: संशोधन कशासाठी? नागपूरला १९५८ साली एक केंद्रीय संस्था स्थापन झाली. आज ती ‘नीरी’ म्हणून ओळखली जाते. तिच्या मूळ नावात ‘सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी’ हे शब्द होते. पाणी, मैला, गटार हे त्या विद्येचे विषय. या देशाने मंगळाच्या कक्षेत यान पोहोचवले, २०२३ साली चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरवले. याच देशात गटारात उतरलेला माणूस गुदमरून मरतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ साली ती ३० लाख केली. मेलेल्याची किंमत ठरली. त्याला उतरावेच लागू नये यासाठीच्या संशोधनावर किती खर्च होतो, हा आकडा आपण मागितला पाहिजे. येथे यानाविरुद्ध तक्रार नाही. यान जाते म्हणून गटार तसेच राहते असेही नाही. एखादे काम हाती घेतले की ते जमते, हे यानाने सिद्ध केले. मग हे काम हाती का घेतले जात नाही?

हे सारे शोधण्याची साधने आपल्या हाताशी आहेत. अनुदानाच्या मागण्या, विवरणपत्र १०-ए, संसदेच्या स्थायी समित्यांचे अहवाल आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल सर्वांसाठी खुले असतात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली केंद्रीय संस्थेकडे दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर मागता येते. महाविद्यालयातल्या चार विद्यार्थ्यांनी आणि एका प्राध्यापकाने आपल्या जिल्ह्याजवळची एक राष्ट्रीय प्रयोगशाळा निवडावी. गेल्या पाच वर्षांत ७८९ खाली किती रक्कम आली, किती खर्चली, कोणत्या गावी, कोणासाठी, आणि संशोधक पदांवर अनुसूचित जातींचे किती जण आहेत, एवढे विचारावे. उत्तर आले तर ते अभ्यास मंडळात वाचावे. नाही आले तर अपील करावे.

विज्ञानाला आपला पाठिंबा आहेच. जातीच्या उतरंडीला ज्याने धर्मग्रंथाचा आधार नाकारला, त्याला विज्ञानाशिवाय दुसरा सोबती कोणता? म्हणूनच खर्च वाढवा ही मागणी आपण शास्त्रज्ञांच्या खांद्याला खांदा लावून करू. पण तिच्या जोडीला आपली मागणी असेल: वही उघडा, आम्हाला वाचू द्या.