परक्या किडींचा हिवाळा : 'शीतनिद्रा' या संज्ञेचा विचार

एखादी कीड मूळ प्रदेश सोडून अधिक थंड प्रदेशात गेली असता तेथील हिवाळा कसा निभावते, या प्रश्नाचे उत्तर मराठीत बहुधा एकाच शब्दाने दिले जाते : 'शीतनिद्रा'. शब्द सुबोध आहे. परंतु त्याचे दोन्ही घटक दिशाभूल करणारे आहेत. या अवस्थेस थंडीच कारण होते असे नाही, आणि ही अवस्था म्हणजे निद्राही नव्हे. शिवाय काही किडी अशा अवस्थेत जातच नाहीत. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

कीटकाच्या देहाचे तपमान भोवतालच्या हवेप्रमाणे बदलते. कडाक्याच्या थंडीत देहातील पाणी गोठले, तर बर्फाचे स्फटिक पेशींचा नाश करतात. काही कीटक ग्लिसरॉलसारखी द्रव्ये देहात साठवून गोठणे टाळतात. वसई तालुक्यातील गोखिवरे येथे हा प्रसंग उद्भवत नाही. तेथे पौषातही पाणी गोठत नाही. मात्र हिवाळ्याचे दुसरे लक्षण तेथेही प्रकट होते. जूनमध्ये तेरा तासांहून मोठा असलेला दिवस डिसेंबरात सुमारे अकरा तासांवर येतो. थंडी एखाद्या वर्षी उशिरा येईल; दिवस लहान होण्याचा क्रम चुकत नाही. अनेक कीटक हीच खूण ओळखतात.

शेंदरी अथवा गुलाबी बोंडअळी हे याचे ठळक उदाहरण आहे. भडोचच्या कपाशीवरील नमुन्यांवरून सॉन्डर्स यांनी १८४३ साली तिचे वर्णन केले. पुढे ती इजिप्तमध्ये पोहोचली, तेथून सरकीबरोबर मेक्सिकोत गेली, आणि १९१७ साली टेक्सासमध्ये आढळली. दिवस लहान व रात्री थंड होऊ लागल्या की पूर्ण वाढलेली अळी चरबी साठवून खाणे थांबवते, दोन सरक्या रेशमी धाग्यांनी जोडून त्यांत महिनोन्‌महिने पडून राहते. ज्या युक्तीने ती प्रतिकूल काळ काढते, तीच तिच्या प्रवासास उपकारक ठरली. सरकी हेच तिचे घर आणि वाहनही झाले. अमेरिकेतील कापूसक्षेत्रातून तिचे उच्चाटन झाल्याचे २०१८ साली जाहीर करण्यात आले. त्यासाठी कित्येक दशके खर्ची पडली होती.

दुसरा प्रकार निवाऱ्याचा. पूर्व आशियातून पेनसिल्व्हेनियात गेलेला, ढेकणाच्या गणातील एक दुर्गंधी सोडणारा तपकिरी कीटक शरद ऋतूत घरांच्या फटींतून आत शिरतो. तेथील व न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांनाही तो अपरिचित नसावा. हा कीटकही सुप्त होतोच. परंतु माणसाच्या घराची ऊब त्याच्या साहाय्यास येते.

तिसरा प्रकार सर्वथा भिन्न आहे. अमेरिकन लष्करी अळी सुप्त होतच नाही. उत्तर अमेरिकेत ती केवळ दक्षिण फ्लोरिडा व दक्षिण टेक्सास यांसारख्या उबदार भागांत हिवाळा काढते. प्रतिवर्षी तिचे पतंग तेथून कॅनडापर्यंत पोहोचतात, आणि उत्तरेत उरलेली पिढी हिमपाताने मरते. २०१६ साली ती आफ्रिकेत, तर २०१८ साली प्रथम कर्नाटकात व त्याच वर्षी महाराष्ट्रात आढळली. येथे तिला मारणारा हिवाळाच नाही. खरिपाच्या मक्यावरून ती रब्बीच्या मक्यावर व ज्वारीवर जाऊ शकते.

संज्ञेची चर्चा येथे केवळ शाब्दिक राहत नाही. बोंडअळी सुप्त होते, म्हणून फरदड न घेणे आणि हंगाम संपताच पऱ्हाट्या व किडकी बोंडे नष्ट करणे हा तिच्यावरील उपाय ठरतो. २०१७ साली विदर्भात झालेल्या हानीने त्याचे महत्त्व पटवून दिले. लष्करी अळीस मात्र विश्रांतीचा काळच नाही. तिच्यावरील पाळत हिवाळ्यातही चालू ठेवावी लागते. दोघींनाही 'शीतनिद्रा' लागते असे समजणारा शेतकरी दुसरीच्या बाबतीत गाफील राहील. म्हणून 'सुप्तावस्था', 'निवारा' आणि 'स्थलांतर' हे तीन शब्द आपापल्या अर्थी योजणे इष्ट होय. तिन्ही मराठीत पूर्वीपासून रूढ आहेत. नवा शब्द घडविण्याचे कारण नाही.