सूर आपला झाला, रूप राहिले

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. चित्रकार आंजेलो द फोन्सेका १९६७ साली पुण्यात वारले. मधल्या काळाकडे पाहताना एकच गोष्ट मनाला लागते. मराठी ख्रिस्ती समाजाने भक्तीचा सूर पटकन आपलासा केला. भक्तीचे रूप मात्र दारातच थोपवून धरले.

टिळकांना तशी वाट मोकळी मिळाली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. अभंग आणि ओवी त्यांच्या अंगातच होती, त्यामुळे त्यांची गीते मंडळीच्या तोंडी सहज बसली. आजही ‘उपासना संगीत’ हा मराठी ख्रिस्ती गीतसंग्रह उघडा, टिळक भेटतात. १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळावा मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली. ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे ठेवून ते १९१९ मध्ये गेले. पुढचे अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले.

फोन्सेकांच्या वाट्याला असे स्वागत आले नाही. १९०२ साली गोव्यात जन्मलेला हा कॅथलिक मुलगा वैद्यकीचे शिक्षण सोडून चित्रकलेकडे वळला आणि शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस यांच्याकडे शिकला. जलरंगाचा पातळ थर द्यायचा, कागद पाण्याने धुवायचा, पुन्हा थर द्यायचा, ही बंगालची रीत त्यांनी उचलली. त्यातून रंगाला आतून उजळल्यासारखी मऊ झाक येते. त्या झाकेत त्यांची पवित्र मरिया उभी राहिली: सावळी, साडी नेसलेली, आपल्या घरातली वाटावी अशी. गोव्यात टीकेची झोड उठली. गोऱ्या, निळ्या झग्यातल्या मरियेपुढे पिढ्यान्‌पिढ्या गुडघे टेकलेल्यांना ही मरिया परकी वाटली! आपलाच चेहरा आपल्याला परका वाटावा, याचे मला आजही दुःख होते.

फोन्सेकांना आसरा दिला तो पुण्यात शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमाने. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये जो ख्रिस्त सेवा संघ सुरू केला, त्याचीच ही परंपरा. अँग्लिकनांच्या आश्रमात एक कॅथलिक चित्रकार वर्षानुवर्षे येशू-मरिया रंगवत राहिला. चर्चमधली ऐक्याची भाषणे पुष्कळ ऐकली. हे उदाहरण मला त्या सगळ्यांपेक्षा मोलाचे वाटते.

कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ मध्ये संपली. तिच्यामुळे लोकभाषेला आणि स्थानिक कलेला उपासनेत मान मिळाला. दोन वर्षांनी फोन्सेका गेले. त्यांची पुष्कळ चित्रे आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात नीट जपलेली आहेत, आणि त्या केंद्राचे ऋण मोठे आहे. तरी ती चित्रे प्रार्थनेसाठी काढलेली होती. टिळकांचे गीत गाताना समोर वेदीवर फोन्सेकांची मरिया असावी, एवढी मागणी आपल्या धर्मग्रामांनी आता तरी करावी.