येनाचे दुसरे विद्यापीठ

जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात, झाले (Saale) नदीच्या अरुंद खोऱ्यात, चुनखडीच्या डोंगरकड्यांच्या मधोमध वसलेल्या येना शहरात दोन विद्यापीठे आहेत. पहिले १५५८ सालचे. फिख्टे, शेलिंग आणि हेगेल यांनी तेथे तत्त्वज्ञान शिकविले, १७८९ साली कवी शिलरने तेथे प्राध्यापक या नात्याने इतिहासावर आपले पहिले व्याख्यान दिले, आणि पुढे १९३४ मध्ये त्या विद्यापीठाने शिलरचेच नाव धारण केले. दुसरे विद्यापीठ १ ऑक्टोबर १९९१ रोजी स्थापन झाले, आणि त्याला नाव आहे एर्न्स्ट आबे या भौतिकशास्त्रज्ञाचे, ज्याने आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे भिंगे घासणाऱ्या कारागिरांच्या संगतीत घालविली. युरोपच्या बौद्धिक इतिहासात पहिल्याचे स्थान सर्वश्रुत आहे. मला येथे परिचय करून द्यावयाचा आहे तो दुसऱ्याचा, म्हणजे एर्न्स्ट आबे होखशूले या उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठाचा, आणि तोही त्याच्या वार्षिक हिशेबाच्या निमित्ताने. कारण एखादी संस्था वर्षाअखेर कोणत्या गोष्टी मोजते आणि कोणत्या मोजावयाच्या राहून जातात, यावरून तिचे स्वरूप जितके उघड होते तितके तिच्या उद्देशपत्रिकेवरून होत नाही.

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या जर्मन विद्यापीठाला दरसाल आपली कैफियत द्यावी लागते. किती विद्यार्थ्यांनी नावे दाखल केली, किती जण पदवी घेऊन बाहेर पडले आणि किती मुदतीत, उद्योगांकडून व शासकीय निधींतून संशोधनाकरिता किती रक्कम आली, प्राध्यापकवर्गात स्त्रियांचे प्रमाण किती झाले, परदेशांतील किती विद्यापीठांशी संबंध जोडले गेले, असे रकाने भरले जातात आणि सिनेट व विद्यापीठ-परिषद यांच्यापुढे ठेवले जातात. प्रांतिक सरकार आपल्या विद्यापीठांशी काही वर्षांच्या मुदतीचा उद्दिष्टांचा करार करीत असते, त्यामुळे या आकड्यांची नोंद मंत्रालयाच्या दप्तरीही होते आणि पुढील तरतुदीच्या वेळी ते आकडे बोलू लागतात. ही पद्धत चांगली आहे, आणि लोकांच्या पैशाचा हिशेब लोकांना मिळालाच पाहिजे. परंतु उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठापुरते पाहिले तर त्याच्या प्रगतीचा मुख्य प्रश्न या रकान्यांत पुरता मावत नाही असे मला वाटते. तो प्रश्न असा, की कामाच्या जागी जे ज्ञान जन्माला येते ते वर्गात पोहोचते काय, आणि वर्गात शिकविले जाणारे ज्ञान कामाच्या जागी जाऊन स्वतःची परीक्षा करून घेते काय.

हा प्रश्न ज्याच्या आयुष्यात मूर्तिमंत झाला होता त्याचेच नाव या संस्थेला लाभले आहे. आबे १८४० साली आयसेनाख येथे जन्मला. त्याचा बाप सूतगिरणीत कामाला होता आणि दिवसाचे चौदा ते सोळा तास उभ्याने राबत असे. दुपारचे जेवण घेऊन गेलेल्या लहानग्या एर्न्स्टने बापाला यंत्राशेजारी उभ्या उभ्या घास घेताना पाहिले होते, आणि हे दृश्य त्याने पुढे, कारखान्याचा धनी झाल्यावर, जाहीर भाषणात सांगितले. येना व ग्योटिंगेन येथे शिकून १८६३ साली तो येनाच्या जुन्या विद्यापीठात शिकवू लागला. त्याच शहरात कार्ल झाइस नावाच्या यंत्रकाराने १८४६ मध्ये कार्यशाळा काढलेली होती, आणि तेथे सूक्ष्मदर्शक यंत्रे बनत ती, त्या काळी सर्वत्र बनत तशीच, अनुभवाच्या अंदाजाने: कारागीर भिंगे घाशी, ती एकमेकांपुढे मागेपुढे सरकवून पाही, आणि प्रतिमा स्वच्छ दिसेपर्यंत जोड्या बदलीत राही. चांगले यंत्र का चांगले झाले हे त्यालाही सांगता येत नसे. झाइसला हे खटकत होते. १८६६ साली त्याने तरुण आबेला बोलावून विचारले, की जे आम्ही चाचपडून करतो ते गणिताने आधीच ठरविता येईल काय?

आबेने गणित मांडले, त्याप्रमाणे भिंगे बनविली गेली, आणि ती चाचपडून बनविलेल्या भिंगांपेक्षा वाईट निघाली. त्याने समजून-उमजून भिंगात शिरणाऱ्या प्रकाशाचा कोन लहान ठेवला होता, कारण तेव्हाच्या शास्त्राप्रमाणे त्याने दोष कमी व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात दोष कमी झाले पण बारीक तपशीलच नाहीसा झाला. दुसरा एखादा प्राध्यापक या ठिकाणी कारागिराच्या हाताला दोष देऊन मोकळा झाला असता. आबे मात्र वर्षानुवर्षे त्या अपयशापाशी थांबला आणि शेवटी त्याच्या ध्यानात आले, की सूक्ष्म रचनेवर आदळून प्रकाश विखुरतो, त्याचे विवर्तन होते, आणि तो विखुरलेला प्रकाश जितका भिंगात शिरेल तितकाच तपशील प्रतिमेत उतरेल. सबब, कितीही उत्तम भिंग घडविले तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून लहान अंतर त्यातून वेगळे दिसावयाचे नाही. १८७२ पासून झाइसचे सूक्ष्मदर्शक गणिताप्रमाणे बनू लागले आणि १८७३ मध्ये आबेने आपला सिद्धान्त प्रसिद्ध केला. प्रकाशशास्त्राचा हा मूलभूत नियम निपजला तो एका व्यापारी कार्यशाळेच्या अडचणीतून. आज तो येनात आबेच्या स्मारकाच्या दगडावर सूत्ररूपाने कोरलेला आहे. शुद्ध शास्त्र वर आणि उपयोजन खाली, अशी जी उतरंड शिक्षितांच्या मनात असते, तिला येनाच्या इतिहासात काही आधार नाही.

पुढे ओटो शॉट या काचतज्ज्ञाची जोड मिळून १८८४ मध्ये नव्या काचेची प्रयोगशाळा निघाली. झाइस १८८८ मध्ये वारला; दुसऱ्याच वर्षी आबेने त्याच्या नावाने प्रतिष्ठान स्थापले आणि लवकरच आपल्या मालकीचा हिस्सा त्याच्या स्वाधीन केला. या प्रतिष्ठानच्या सनदेत कामगाराला निवृत्तिवेतन, नफ्यात वाटा आणि भरपगारी रजा यांची हमी होती. नेमणूक करताना वंश, धर्म वा राजकीय पक्ष पाहावयाचा नाही, असा स्पष्ट नियम होता. १९०० साली आबेने नऊ तासांचा दिवस आठ तासांवर आणला, आणि एवढ्यावर न थांबता नऊ तासांचे शेवटचे वर्ष व आठ तासांचे पहिले वर्ष यांतील मक्त्याने काम करणाऱ्या कामगारांच्या नोंदी ओळीने तपासल्या. उत्पादन घटण्याऐवजी किंचित वाढलेले आढळले. मला वार्षिक आढाव्याचा याहून चांगला नमुना ठाऊक नाही: घेतलेल्या निर्णयाचा काम करणाऱ्या माणसावर काय परिणाम झाला, हे एक वर्ष दुसऱ्या वर्षाशेजारी ठेवून प्रामाणिकपणे पाहणे.

उपयोजित विज्ञानांची विद्यापीठे मात्र आबेच्या काळची नव्हेत. पश्चिम जर्मनीत जुन्या अभियांत्रिकी शाळांचे विद्यार्थी १९६८ मध्ये संपावर गेले, कारण आपल्या पदविकेला युरोपीय सामायिक बाजारात अभियंत्याची मान्यता मिळणार नाही अशी त्यांना रास्त धास्ती होती. त्याच साली ३१ ऑक्टोबरला प्रांतांच्या मुख्यमंत्र्यांनी करार केला, आणि १९६९ पासून त्या शाळांतून फाखहोखशूले म्हणून ओळखली जाणारी नवी उच्चशिक्षणसंस्था आकारास आली. पूर्वेकडे ती पोहोचावयास दोन दशके आणि एका राज्याचा अस्त लागला.

येनाने तोपर्यंत पुष्कळ सोसले होते. १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने शहर रशियनांच्या हवाली करण्यापूर्वी झाइसचे चौऱ्याऐंशी शास्त्रज्ञ व अधिकारी पश्चिमेस नेले, आणि त्यांच्यातून ओबरकोखेन येथे दुसरे झाइस उभे राहिले. मागे जी यंत्रसामग्री उरली तिचा बहुतांश भाग सोव्हिएत सत्तेने नुकसानभरपाई म्हणून उचलून नेला. येनाच्या कारागिरांनी त्या रित्या इमारतींत कारखाना पुन्हा उभा केला, आणि पूर्व जर्मनीच्या अखेरच्या दिवसांत झाइसच्या सरकारी उद्योगसमूहात साठ हजारांहून अधिक माणसे होती. बर्लिनची भिंत कोसळल्यावर त्याचा व्यापारही कोसळला. हजारो कुशल माणसे एका झटक्यात कामावरून दूर झालेल्या अशा शहरात १९९१ च्या शरदात नव्या विद्यापीठाने दार उघडले, याचे महत्त्व ध्यानी घेतले पाहिजे. शतकभर साठलेले हाताचे ज्ञान विखरून जाण्याच्या बेतात असताना ते धरून ठेवण्याकरिता ही संस्था निघाली होती. येनात १९१७ पासून चष्मेतज्ज्ञांना शिक्षण देण्याची परंपरा होती, आणि आज नेत्रप्रकाशिकी व दृष्टिपरीक्षण हा या विद्यापीठाचा पदवी अभ्यासक्रम आहे. सूक्ष्म यंत्ररचना, प्रकाशिकी, सामग्रीविज्ञान आणि पर्यावरण यांचा एकच विभाग करण्यात आला आहे, त्यामागेही या शहराचा हाच वारसा आहे. समाजकार्य, शुश्रूषा, व्यवस्थापन हे विभागही आहेत आणि त्यांचेही काम मोलाचे आहे.

या संस्थेचे वैशिष्ट्य पाहावयाचे तर प्रथम तिच्या प्राध्यापकाकडे पाहावे. त्याला डॉक्टरेट तर लागतेच, परंतु त्याखेरीज पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, आणि त्यांतील निदान तीन वर्षे विद्यापीठाबाहेरची असावी लागतात. म्हणजे काच वितळविणारी भट्टी, रुग्णालयातील यंत्र वा कारखान्यातील तपासणीचे टेबल ज्याने नोकरदार म्हणून पाहिले आहे, तोच येथे शिकवावयास उभा राहतो. विद्यार्थ्यालाही पदवीपूर्वी काही काळ, पुष्कळ अभ्यासक्रमांत एक संपूर्ण सत्र, एखाद्या उद्योगात वा संस्थेत काढावा लागतो, आणि अखेरचा प्रबंध तो बहुधा तेथल्याच खऱ्याखुऱ्या अडचणीवर लिहितो. अशा प्रबंधात उत्तर चुकले तर नुसते गुण जात नाहीत, एखादे यंत्र चालावयाचे थांबते, आणि ही जबाबदारी वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी माणसाला जे शिकविते ते कोणत्याही व्याख्यानाने साधत नाही.

आणि शहराचा उद्योगही विद्यार्थ्याला स्वस्थ बसू देत नाही. आबेच्या सूत्राने घातलेली मर्यादा आज संगणकाच्या चिपा बनविणाऱ्यांपुढे उभी आहे: चिपेवरील रेषा अधिक बारीक हवी तर तरंगलांबी कमी केली पाहिजे, म्हणून ती १३.५ नॅनोमीटरपर्यंत खाली आणावी लागली, आणि तेथे काचेचे भिंग निरुपयोगी होऊन थरावर थर चढविलेले आरसेच वापरावे लागतात. या तंत्रासाठी २०२० चा जर्मन राष्ट्राध्यक्षांचा भविष्य-पुरस्कार ज्या शास्त्रज्ञांना मिळाला, त्यांत झाइस व ट्रुंफ या कंपन्यांच्या बरोबरीने येनाच्या फ्राउनहोफर संस्थेचाही माणूस होता. एकोणिसाव्या शतकातील कार्यशाळेचा प्रश्न आणि आजच्या विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीतला प्रश्न यांच्यात असे अखंड नाते क्वचितच कोठे पाहावयास मिळेल.

तरीही रकान्यांतील आकडे चिंता निर्माण करतात. एकीकरणानंतरच्या अनिश्चिततेत पूर्व जर्मनीतील जन्मसंख्या काही वर्षांतच निम्म्याहूनही खाली आली. ती न जन्मलेली मुले दोन दशकांनी प्रवेशाच्या यादीत कमी पडली, आणि तरुणांचा तुटवडा तेथे आजही संपलेला नाही. म्हणून परदेशी विद्यार्थी हा आता धोरणाचा विषय झाला आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या सुमारे ४९ हजारांवर गेली आणि परदेशी विद्यार्थ्यांत ते पहिल्या क्रमांकावर आहेत. त्यांत पुण्याच्या मॅक्सम्यूलर भवनात जर्मनचे धडे गिरवून निघालेली मराठी मुलेही आहेत. येनात वैज्ञानिक उपकरणशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतो, त्यामुळे दार उघडणे सोपे होते. परंतु लहान कारखान्यातला मुकादम जर्मनच बोलतो, आणि ज्याला त्याच्याशी बोलता येत नाही त्याला या शिक्षणाचा अर्धा भाग मिळतच नाही. आपल्याकडील पालकांनी हे ध्यानात ठेवावे, आणि विद्यापीठानेही प्रवेशाच्या आकड्याशेजारी परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना उद्योगातले सत्र प्रत्यक्ष लाभले हा आकडा छापावा.

दुसरी चिंता महत्त्वाकांक्षेची आहे. डॉक्टरेट देण्याचा अधिकार ही जर्मनीत फार काळ जुन्या विद्यापीठांची मिरास होती. २०१६ मध्ये हेसेन प्रांतात फुल्डा येथील उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठाला तो काही विषयांपुरता प्रथम मिळाला, आणि तेव्हापासून इतर प्रांतांतही ती मागणी जोर धरीत गेली. मागणी न्याय्य आहे. ज्या संशोधनाने उद्योगाचे प्रश्न सुटतात त्याला पदवीपुरते दुसऱ्याच्या दारी उभे करण्यात काही शोभा नाही. मात्र येथील प्राध्यापक आठवड्याला अठरा तास शिकवितो, जुन्या विद्यापीठातील त्याचा सहकारी साधारण आठ-नऊ. आणि या बोज्याखाली संशोधन वाढवावयाचे तर वेळ कापला जाईल तो बहुधा कारखान्यातील फेऱ्यांचा, प्रबंधाच्या निमित्ताने विद्यार्थ्याच्या यंत्रापाशी जाऊन बसण्याचा. शिवाय उद्योगातील पगार सोडून शिकवावयास येणारी माणसे मिळणे कठीण झाले आहे, इतके की संघराज्य व प्रांत यांना त्यासाठी स्वतंत्र निधी उभारावा लागला. पुढील करार मंत्रालयापुढे मांडताना अशा विद्यापीठांनी डॉक्टरेटच्या अधिकाराइतक्याच आग्रहाने या अठरा तासांचा विषय काढावा, आणि वार्षिक अहवालात एक रकाना नवा आखून घ्यावा: प्रत्येक प्राध्यापकाने विद्यापीठाबाहेरचे काम सोडून किती वर्षे झाली, आणि या वर्षी त्यांपैकी किती जणांना एखादे सत्र पुन्हा तेथे जाऊन काम करण्याची सवलत मिळाली.