साठीनंतरही वाढते शरीराचे बळ

साठी उलटली की घरातली माणसे प्रेमापोटी एकेक काम हातातून काढून घेऊ लागतात. "आई, तुम्ही बसा, बादली मी उचलते." "बाबा, जिना चढू नका, भाजी मी आणतो." हेतू चांगलाच असतो, पण ज्या स्नायूंना काम मिळत नाही ते झिजतात. काही वर्षांनी पाटावरून उठताना भिंतीचा आधार लागतो आणि दोष दिला जातो वयाला.

वयाचा परिणाम होतो, हे खरे. तिशीनंतर स्नायूंचे प्रमाण दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते. साठीनंतर हा वेग वाढतो. श्रम करताना प्राणवायू वापरण्याची शरीराची क्षमताही दर दहा वर्षांनी सुमारे १० टक्क्यांनी उतरते. मात्र नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये ही घसरण मंदावते आणि गमावलेले बळ बऱ्याच अंशी परत मिळवता येते.

नव्वदीतही उशीर नाही

१९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे झालेला एक प्रयोग गाजला. वृद्धांच्या सेवाकेंद्रात राहणाऱ्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा दुर्बल व्यक्तींकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला गेला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीनपट झाली. दोघांनी तर चालताना काठी घेणे सोडले! मग धडधाकट साठी-सत्तरीच्या माणसांनी निराश का व्हावे?

आपल्याच देशातील मन कौर यांनी ९३ व्या वर्षी धावण्यास सुरुवात केली. २०१७ मध्ये ऑकलंड येथील जागतिक मास्टर्स स्पर्धेत १०१ व्या वर्षी त्यांनी आपल्या वयोगटात १०० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक मिळवले.

काय करावे?

केवळ फिरायला जाणे पुरेसे नाही. चालण्याने हृदय व फुप्फुसे सुधारतात, पण स्नायूंना वजनाचा भार हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा, दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचाही.

• झपझप चालावे. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकीच गती ठेवावी.

• हात न टेकवता खुर्चीवरून आठ-दहा वेळा उठावे-बसावे.

• भिंतीला तळहात टेकून जोर काढावेत. पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन उचलाव्यात.

• ओट्याला धरून टाचा उचलाव्यात, नंतर एका पायावर उभे राहावे.

व्यायाम करताना श्वास रोखू नये. सोपे वाटू लागले की भार थोडा वाढवावा. छातीत दुखले वा चक्कर आली, तर लगेच थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह वा गुडघेदुखी असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जेवणात डाळ, उसळ, दूध, अंडी यांना स्थान द्यावे. स्नायू प्रथिनांवरच पोसतात.

घरच्यांनीही वडीलधाऱ्यांना झेपेल ती कामे त्यांच्याकडेच राहू द्यावीत. त्यांना बसवून ठेवण्यापेक्षा संध्याकाळी त्यांच्याबरोबर अर्धा तास चालणे ही कितीतरी मोठी सेवा आहे.