गाळपाचा एक दिवस, मालक चार

पहाटे ५:३०
मोबाइलवर लॅबचा मेसेज येऊन पडलेला असतो. कालचं गाळप किती, उसातून साखरेचा उतारा किती, पोती किती. सहकारी साखर कारखान्याच्या मुख्य लेखापालाचा दिवस चहाआधी या तीन आकड्यांनी उजाडतो. हा दिवस जानेवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यातला. कोल्हापूर जिल्ह्यात या सुमाराला उतारा चढणीला लागलेला असतो, त्यामुळे मेसेज उघडताना हात थरथरत नाही.

सकाळी ६:३०
आधी काट्यावर. माझं तिथं काही काम नसतं, पण हिशेबातला पहिला आकडा तिथं तयार होतो आणि शेतकऱ्याचा सगळ्यात कमी विश्वास त्याच आकड्यावर असतो. ट्रक, अंगद-गाड्या, बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. एक जण बाहेरच्या खासगी काट्यावर वजन करून आलाय आणि पावती मुठीत धरून उभा आहे. दोन्ही वजनं जुळली. तरी त्याच्या चेहऱ्यावरचा संशय गेला नाही. पावती त्यानं नीट घडी करून ठेवून दिली.

काटा खरा की खोटा यावरून इथं डोकी फुटतील. पण किलो म्हणजे किती, हे ठरवायचा अधिकार कोणाचा, यावर आजवर कोणी तोंड उघडलेलं नाही. वजनामापांच्या करारातले देश एकत्र बसले, त्यांनी किलोची व्याख्या बदलली, पॅरिसजवळच्या धातूच्या ठोकळ्याला निवृत्ती दिली, आणि २० मे २०१९ पासून भारतानंही ती नवी व्याख्या मान्य केली. संसदेसमोर मोर्चा नाही, जयसिंगपूरला ऊस परिषद नाही.

सकाळी ८
लॅबमध्ये साखरेचा रंग तपासून होतोय. तो मोजतात इकुम्साच्या एककात. साखर तपासायच्या पद्धती ठरवणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था १८९७ साली हॅम्बुर्गला सुरू झाली. आमचा केमिस्ट तिचं पुस्तक पोथीसारखं पाळतो. परदेशी पुस्तकानं आपल्या साखरेचा रंग ठरवावा यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही, मलाही नाही. सार्वभौमत्व आठवतं ते पैशाची गोष्ट निघाली की.

सकाळी ९
शेती विभागाच्या दारात एक म्हातारे सभासद बसलेत.
“सायेब, माझ्या उसाची तोड कवा?”
“आबा, लागणीच्या तारखेप्रमाणं पाळी येणार.”
“तारीख तुमच्याच चिटबॉयनं लिवली न्हवं? चुकीची लिवलीया. आता त्याच्याच वहीकडं बोट दावताय.”
आबा मतदार आहेत, मालक आहेत. पाच वर्षांनी चेअरमन त्यांच्या ओट्यावर येऊन बसतो. पण तोडीची वही आमच्याकडं. वहीच्या विरोधात अपील कुठं करायचं, तर पुन्हा आमच्याकडंच. मी शेती अधिकाऱ्यांना फोन लावून दिला आणि आबांना चहा सांगितला. एवढंच माझ्या हातात होतं.

सकाळी १०:३०
एफआरपीचा, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दराचा, तक्ता. या २०२४-२५ च्या हंगामाला केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये ठरवलेत आणि त्यापुढच्या दर ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये. उतारा १२.२५ धरला, तर टनाला ३,४०० अधिक ६६४, म्हणजे ४,०६४. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. उरेल ते चौदा दिवसांत शेतकऱ्याच्या खात्यावर. उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. हे सगळं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, आणि तो आदेश दिल्लीचा. राज्य सरकारनं २०२२ साली एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली, तेव्हा कारखानदार खूश झाले आणि शेतकरी नेते राजू शेट्टी कोर्टात गेले. (पुढं मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. केंद्रानं जे ठरवलं त्यात राज्याला असा हात घालता येत नाही.) म्हणजे मुंबईला दिल्लीपुढं सार्वभौमत्व नाही, आणि त्याबद्दल शेतकऱ्याला आनंदच झाला. वरची सत्ता नेहमी खालच्याला जाचतेच असं नाही. कधीकधी मधल्याला जाचते आणि खालच्याला वाचवते.

दुपारी १२
ऑडिटला आलेली मुलगी फायलीतून डोकं वर काढून विचारते, “सर, डब्ल्यूटीओत भारत उसाच्या सबसिडीवरून हरला असं वाचलं. पण एफआरपी तर आपण देतो. सरकारच्या खिशातून काय जातं?”

नेमका हाच प्रश्न भारताच्या वकिलांनी जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेपुढं, विचारला होता. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ साली भारताविरुद्ध तक्रार केली. भारताचं म्हणणं, पैसे कारखाने देतात, सरकार ऊस विकत घेत नाही, मग हा सरकारी आधार कसा? १४ डिसेंबर २०२१ ला पॅनेलचा अहवाल आला. त्यात म्हटलं, किंमत सरकारनं बांधून दिली ना, मग पैसे कोणाच्या खिशातून गेले हा मुद्दा गौण. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत उसाला दिलेला आधार दहा टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेला. निर्यातीला दिलेलं अनुदानही नियमबाह्य.

मी तिला विचारलं, दहा टक्के मोजले कसे असतील? ती म्हणाली, बाजारभाव आणि एफआरपी यांतला फरक. तसं नाही. डब्ल्यूटीओच्या शेती करारातल्या सूत्रात आजच्या एफआरपीची तुलना होते १९८६ ते ८८ च्या जागतिक किमतीशी. त्या काळात डॉलर तेरा रुपयांच्या आसपास होता आणि उसाचा सरकारी दर क्विंटलला वीस रुपयांच्या आत. मधल्या पस्तीस वर्षांची महागाई सूत्रात धरलीच जात नाही. अशा तक्त्यावर मी सही केली असती, तर तिच्या फर्मनं मला धारेवर धरलं असतं.

पण हे सूत्र कोणी आपल्यावर लादलेलं नाही. १९९४ साली माराकेशला भारतानं या करारावर सही केली. त्याआधी त्याच्या मसुद्यावर, म्हणजे डंकेल प्रस्तावावर, इकडं रान पेटलं होतं. कर्नाटकात शेतकरी नेते नंजुंडस्वामी विरोधात रस्त्यावर, आणि महाराष्ट्रात शेतकरी संघटनेचे शरद जोशी बाजूनं. जोशींचा हिशेब असा, की भारत सरकार शेतकऱ्याला सबसिडी देत नाही, उलट भाव पाडून त्याच्याकडून काढून घेते. ही उणे सबसिडी आहे, आणि जागतिक करारानं सरकारचे हात बांधले तर शेतकऱ्याचं भलंच होईल. दिल्लीपासून वाचायला जिनिव्हाचा आधार! तेव्हा पुष्कळांना हे देशद्रोहासारखं वाटलं. मला आजही वाटतं, सार्वभौमत्व नेमकं कोणाचं, सरकारचं की शेतकऱ्याचं, हा प्रश्न इतक्या उघडपणे दुसऱ्या कोणी विचारला नाही.

दुपारी १:३०
डबा. भाकरी, वांगं, ठेचा. गव्हाणीचा पट्टा वीस मिनिटं बंद पडल्याची बातमी ठेच्याबरोबर आली आणि गेली.

दुपारी ३
आता दिल्ली. महिन्याला किती साखर विकायची याचा कोटा तिकडून येतो. जास्त विकली तर कारवाई, कमी विकली तर पुढच्या कोट्यात कात्री. किलोला ३१ रुपयांच्या खाली विकायची नाही. हा किमान दर फेब्रुवारी २०१९ चा, तेव्हापासून एफआरपी एखादं वर्ष सोडलं तर दरवर्षी चढतेय आणि हा जागचा हलत नाही. गाळपाचा परवाना पुण्याच्या साखर आयुक्तांचा. एफआरपी थकली तर जप्तीची कारवाईही तिथूनच.

आणि निर्यात. २०१९-२० मध्ये केंद्र टनाला १०,४४८ रुपये देत होतं, का तर साठ लाख टन साखर देशाबाहेर जावी. योजनेचं नावच मार्केटिंग, हाताळणी आणि वाहतुकीचा खर्च असं होतं, कारण विकसनशील देशांना तेवढ्याच कारणासाठी २०२३ अखेरपर्यंत सवलत होती. योजना दिल्लीची, भाषा जिनिव्हाची. पुढं जागतिक भाव वर गेले, अनुदान बंद झालं. मग देशातल्या साखरेची चिंता लागली, तर निर्यातीवर बंधनं आली. २०२३-२४ च्या हंगामात कारखान्यांना निर्यातीचा कोटाच मिळाला नाही. त्याच हंगामात, डिसेंबर २०२३ मध्ये, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशानं बंदी आली. आठवड्याभरात ती सैल केली, पण तोवर डिस्टिलरीसाठी कर्ज काढलेल्या कारखान्यांची झोप उडाली होती.

ब्राझीलला हवं होतं, भारतीय साखर जागतिक बाजारात उतरू नये. पॅनेलच्या निकालानं ते झालं नाही. दिल्लीच्या एका परिपत्रकानं झालं, आणि तेही ब्राझीलनं न मागता.

२० जानेवारी २०२५ ला दहा लाख टनांची निर्यात खुली झाली. प्रत्येक कारखान्याला गेल्या तीन हंगामांच्या सरासरी उत्पादनाच्या तीन टक्क्यांच्या थोडं वर. आमचा वाटा एका गोदामाचा कोपराही भरणार नाही, पण बँकेत दाखवायला आकडा बरा.

संध्याकाळी ५
संचालक मंडळाची बैठक. एक संचालक तावातावानं बोलतात. गोरे लोक आपल्या उसाचा भाव ठरवणार का, आपला देश स्वतंत्र आहे की नाही. टाळ्या. मी मिनिट्स लिहितो, टाळ्या लिहीत नाही.

जिनिव्हाच्या निकालाचं पुढं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलंही नाही. भारतानं अपील केलं, आणि अपील ऐकणारं मंडळच जागेवर नव्हतं. सात जणांचं ते मंडळ. एका खटल्याला तिघे लागतात. ओबामांच्या काळात अमेरिकेनं एका सदस्याची फेरनेमणूक अडवली, ट्रम्पनी सगळ्याच नेमणुका अडवल्या, बायडेननी त्या मोकळ्या केल्या नाहीत. डिसेंबर २०१९ पासून तिघांचा कोरमच राहिला नाही. अमेरिकेची तक्रार काय, तर हे मंडळ आम्ही कबूल न केलेली बंधनं आमच्यावर घालतं. शब्द वेगळे, पण आमच्या संचालकांचंच भाषण. म्हणजे उसाच्या बाबतीत भारताचं सार्वभौमत्व राखलं गेलं ते अमेरिकेनं स्वतःच्या सार्वभौमत्वासाठी न्यायालय बंद पाडलं म्हणून. एकीकडं भारत ते मंडळ पुन्हा सुरू करा म्हणतो, दुसरीकडं आपलं अपील तिथं सुखानं पडून आहे. तक्रार करणारे तिन्ही देश अंतरिम लवादाच्या पर्यायी व्यवस्थेत आहेत. भारत त्यात गेलेला नाही. वकिलानं हाच सल्ला दिला असता. मीही दिला असता.

मात्र या जोरावर जिनिव्हाला कागदी वाघ म्हणू नये. आयातीवरच्या संख्यात्मक निर्बंधांची केस भारत अमेरिकेशी हरला, आणि १ एप्रिल २००१ पासून शेवटच्या ७१५ वस्तूंवरचे निर्बंध उठवावे लागले. तेव्हा अपील मंडळ जिवंत होतं.

संध्याकाळी ७:३०
न्यूयॉर्कचा कच्च्या साखरेचा भाव फोनवर. तो सेंट आणि पौंडात येतो, मी किलो आणि रुपयांत करून घेतो. या बाजारात आपला प्रतिनिधी नाही, व्हेटो नाही, सहीही नाही.

रात्री ९:१५
पुण्याच्या ब्रोकरचा फोन. उत्तरेतल्या एका कारखान्याला बंदर लांब पडतं. तो त्याचा निर्यात कोटा द्यायला तयार आहे, बदल्यात आमच्या देशांतर्गत कोट्यातला तेवढाच हिस्सा मागतोय. मुदत ३१ मार्च. मी आकडेमोड केली, एमडींना फोन लावला. ते म्हणाले, “टनामागं किती सुटतात ते सांगा, बाकी सकाळी.” मी आकडा सांगितला. त्यांनी ब्रोकरला अजून पन्नास रुपये वर सरकवायला सांगितलं. तेवढ्यात शेती अधिकाऱ्यांचा मेसेज आला: आबांची तारीख खरंच चुकली होती, तोड परवा लागेल.