जादूलाही नियम हवा

मैत्रिणींनो, अद्भुत प्रेमकथा मराठीत जुन्याच. ‘मुक्तामाला’ १८६१ची, ‘मंजुघोषा’ १८६८ची. पण गोष्ट लिहू पाहणारीने देवकीनंदन खत्रींची हिंदी ‘चंद्रकांता’ जरूर वाचावी. १८८८च्या सुमारास ती आली आणि पुढे ‘चंद्रकांता संतति’चे २४ भाग निघाले.

विजयगढची चंद्रकांता आणि नौगढचा वीरेंद्रसिंह यांचं हे प्रेम. मदतीला ऐयार, म्हणजे वेष पालटणारे हेर. ते शत्रूला पूड हुंगवून बेशुद्ध करतात. पण ऐयाराला ठार मारायचं नाही, कैदच करायचं, असा रिवाज. म्हणून पकडलेला शत्रू पुन्हा सुटतो. तिलिस्म, म्हणजे मंतरलेली गुप्त जागा, ज्याच्या नावाने बांधली त्यालाच फोडता येते. चंद्रकांता त्यात अडकते, तेव्हा वाट पाहणं आलंच. जादूने सगळंच चटकन जमलं असतं, तर विरह कुठून आला असता?

तुम्हीही करून पाहा. ती वसईची, तो वरसाव्याचा, मधे खाडी. त्यांना जादूची होडी द्या, पण ती फक्त अमावस्येच्या भरतीला चालेल. आणि नेमकी त्याच रात्री तिला पाहायला मंडळी आली, तर? तिथून पुढे लिहा.