कोड, लिटर, फॅट

२००३ साली पुण्यात नोकरीला लागले तेव्हा ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ हा शब्द माझ्या कानावरूनही गेला नव्हता. आमच्याकडे प्रोजेक्ट मॅनेजर असत, टीम लीड असत, टेस्टर असत. परदेशातल्या क्लायंटकडून रिक्वायरमेंटचं जाडजूड डॉक्युमेंट यायचं, त्यावर सह्या व्हायच्या, आणि मग आम्ही खाली मान घालून कोड लिहायचो. काय बनवायचं ते आधीच ठरलेलं असे, कसं बनवायचं तेवढं आमचं. ते मी मन लावून केलं. रिलीजच्या रात्री सीव्हीएसवरून कोड घ्यायचा, बिल्ड लावायचा, पहाटे चारला टेस्टरचा ‘ओके’ आला की हिंजवडीच्या टपरीवर चहा. शिस्त तिथेच अंगी बाणली. पण माझा प्रोग्रॅम वापरणारा एकही माणूस मी चार वर्षांत पाहिला नव्हता.

२००७ मध्ये मी एका लहान कंपनीत गेले. ती गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. दूध संकलनाची मुख्य स्क्रीन माझ्याकडे आली. चौदा रकाने, गाय-म्हैस निवडायला खाली उघडणारी यादी, तारीख निवडायला छोटं कॅलेंडर. स्क्रीन देखणी झाली होती आणि मला तिचा अभिमान होता. तक्रार आली ती वेगळीच: कागल तालुक्यातल्या एका संस्थेत ती कुणी वापरतच नव्हतं.

मी सकाळी पावणेसहाला तिथे पोचले. बाहेर किटल्यांची रांग लागलेली. सचिवांनी कीबोर्डवर पारदर्शक पिशवी चढवून ती दोऱ्यानं बांधली होती. एका हातानं ते दूध मापात ओतत, दुसऱ्यानं फॅट काढायला सॅम्पल बाटलीत घेत, आणि आकडे बघून वहीत लिहीत. कॉम्प्युटर सुरू होता, पण त्याला कुणी हात लावत नव्हतं. मी विचारलं, “सगळं आधी वहीत का लिहिता?” ते म्हणाले, “मॅडम, हात वले असत्यात. माऊस धरू कसा?”

मग त्यांनी मला वही दाखवली. एका ओळीत तीनच आकडे: सभासदाचा कोड, लिटर, फॅट. म्हशीचं दूध पहिल्या पानांवर, गायीचं मागच्या. तारीख पानाच्या डोक्यावर एकदाच. साडेसहाला लाइट गेली. तो लोडशेडिंगचा काळ होता. वही चालूच राहिली. रांगेतला एकही माणूस थांबला नाही.

पुण्याला परतताना बसमध्ये मी ती वही आठवून कागदावर उतरवली. आठवडाभरात नवी स्क्रीन तयार झाली: तीन रकाने, सगळं नंबर पॅडवर, म्हशीला १ आणि गायीला २, माऊसचं काम शून्य. उरलेले रकाने एक तर काढले, नाही तर दहा दिवसांच्या बिलाच्या वेळी भरायला ठेवले. जे काढलं त्यातलं एकही कुणी परत मागितलं नाही. माझ्या धंद्यातलं शिक्षण मी त्या सकाळपासून मोजते.

२०११ मध्ये माझ्या कार्डावर ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ छापलं गेलं. या कामाचं मूळ शोधताना कळलं की ते सॉफ्टवेअरमधलं नाहीच. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकएलरॉय कॅमे साबणाच्या जाहिराती बघत होते. प्रत्येक साबणाची काळजी वाहणारा स्वतंत्र माणूस हवा, असं त्यांनी तीन पानी टिपणात मांडलं. विक्री कुठे होते, कुठे अडते, हे त्या माणसानं जागेवर जाऊन तपासावं, हे त्यात आलं होतं. पुढे हाच गृहस्थ अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. मला भावलं ते जागेवर जाणं. या कामात जबाबदारी पुरेपूर आणि अधिकार जवळपास नाही. इंजिनिअर तुमचे नसतात, विक्रीची माणसं तुमची नसतात. तुमच्याजवळ फक्त तुम्ही स्वतः पाहिलेलं असतं.

ते विसरल्याची किंमत मी २०१३ मध्ये मोजली. एका मोठ्या क्लायंटला मी परस्पर तारीख कबूल करून आले. काम मागे पडलं तेव्हा पाच जणांच्या टीममध्ये आणखी चौघं घेतली. आयबीएममध्ये ओएस/३६० चं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्सनं १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं की उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली तर उशीर वाढतो. पुस्तक माझ्या कपाटात होतं. पाच जणांत बोलण्याच्या जोड्या दहा होतात, नऊ जणांत छत्तीस. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचे तीन आठवडे गेले आणि तारीख हुकली ती हुकलीच.

त्यानंतरची ‘रेट्रो’, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून बघायची बैठक, मला शब्दन् शब्द आठवते. अशा बैठकांमागचा अजाइल जाहीरनामा २००१ च्या फेब्रुवारीत युटामधल्या स्नोबर्डला सतरा जणांनी मिळून लिहिला. आमच्याकडे तो पोचला तो रोजच्या स्टँड-अपच्या आणि भिंतीवरच्या रंगीत चिठ्ठ्यांच्या रूपात. त्यातलं सगळ्यात मोलाचं, म्हणजे ठरावीक दिवसांनी थांबून मागे वळून बघणं, आम्ही घाईत उरकत असू. त्या दिवशी मात्र आमची एरवी गप्प बसणारी टेस्टर म्हणाली, “तारीख देण्याआधी आम्हाला कुणी विचारलंच नाही.” ती बरोबर होती. मी सगळ्यांसमोर तसं म्हटलं. त्या दिवसापासून टीमला विचारल्याशिवाय मी कुणालाही तारीख दिलेली नाही. यावरून दोनदा वरिष्ठांशी खटके उडाले, तरी नाही.

२०१६ मध्ये यूपीआय आलं, आणि काही वर्षांत दुकानादुकानांत पैसे जमा झाल्याचं मराठीतून सांगणारी पेटी आली. कोथरूडमध्ये वडापावच्या गाडीवर ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी खाणं सोडून बघत राहिले. गाडीवाल्याचे दोन्ही हात बेसनात होते. पेटी बोलली, त्यानं मान हलवली आणि पुढचा वडा तेलात सोडला. ही पेटी ज्यांनी आखली ते अशा एखाद्या गाडीजवळ नक्की बराच वेळ उभे राहिले असणार.

आता कोडची पहिली प्रत यंत्र लिहून देतं. चार दिवसांचं काम दुपारपर्यंत उरकलेलं मी पाहते, आणि टीममधली मुलं विचारतात की आपलं काय होणार. ती काळजी खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. त्यांना मी सोबत घेऊन जाते, एवढं माझ्या हातात आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे नव्यानं लागलेल्या एका मुलीला दूध संकलन केंद्रावर नेलं होतं. तिनं येताना लॅपटॉपमध्ये सव्वीस प्रश्न तयार करून आणले होते. सहा वाजून दहा मिनिटांनी पहिली किटली आली. तिनं पहिला प्रश्न विचारला, पण उत्तर द्यायला कुणालाच सवड नव्हती. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग लॅपटॉप सॅकमध्ये घातला, बाह्या वर केल्या आणि सचिवांना म्हणाली, “काका, बाटल्या मी धरू का?”